उणे बारा

तेजल पायगुडेनं मला ओळ दाखवली,
दोन हजार एकशे सहा.
बाणेरचं ऑफिस, चौथा मजला,
जेवणानंतरची ती जड वेळ
जेव्हा एसीसुद्धा पेंगत असतो.
"इथे जागा मागितलीय," ती म्हणाली,
"पण मिळाली का, ते विचारलेलंच नाही."

खरंच नव्हतं विचारलं.
आमचा धंदा तसा थापेचा.
एका लोखंडी डब्यात शंभर पाहुणी यंत्रं ठेवायची
आणि प्रत्येकाच्या कानात सांगायचं,
अख्खं घर तुझंच आहे हो.
मग ज्याला जेवढी लागेल तेवढी मेमरी
मागून आणायची, पान पान करून,
आणि कोणतं पान कुठे, याचं कोष्टक ठेवायचं.
त्या कोष्टकासाठीही जागा लागते.
ती देणाऱ्यानं हातावर शून्य ठेवलं
तर आमची ओळ त्या शून्यावरच लिहायला बसे.

"असं कधी होत नाही," मी म्हणालो.
चाचणीच्या सर्व्हरला अर्धा टेराबाइट मेमरी,
तिथे "नाही" हा शब्द कुणी ऐकलेलाच नाही.

ती वाद घालत बसली नाही.
सहा वाजेतो तिनं एक अवजार तयार केलं:
पहिली मागणी नाकार, काय होतं बघ.
मग पहिली दे, दुसरी नाकार.
दोन दे, तिसरी नाकार.
पाचव्या नकारापर्यंत यंत्र सावरलं.
सहाव्याला पडलं असतं तर बरं,
ते थांबलं.
आम्ही चूक कबूल करून बाहेर आलो होतो खरे,
पण किल्ली खिशात घालून.
कुलूप तसंच. बाकीचे एकतीस कोअर
दाराशी गोल गोल फिरत,
शंभर टक्के कामात, काहीही न करता.

सातव्या नकाराला मात्र सरळ कोसळलं.
ओळ दोन हजार एकशे सहा.

चहा घेताना ती वडिलांबद्दल बोलली.
धायरीत मांडवाचं काम आहे त्यांचं.
"पप्पा म्हणतात, बांधणारे कुठेही मिळतात,
सोडणारा माणूस हेरून ठेवावा लागतो.
शेवटी बांधलेला बांबू आधी सोडायचा.
मधलीच सुतळी कापली की वरचं सगळं डोक्यात.
आणि आपण जेवढं बांधलं तेवढंच सोडायचं.
शेजारच्याच्या गाठीला हात लागला
तर त्याच्या पंगतीवर कापड येतं."

खिडकीबाहेर टेकडीवरचे दिवे लागले होते.
आम्ही उलटीकडून लिहायला बसलो:
चौथं सोड.
तिसरं सोड.
दुसरं सोड.
कुलूप उघड, मग परत फिर.
काही मागण्या तर कुलपाच्या आधीच आणल्या,
लागणारं सामान दाराबाहेरच मोजून घ्यावं,
उरलं तर परत करावं, तसं.

मी तिथे एक संदेश घालायला घेतला,
सविस्तर, नीट जुळवलेला: जागा संपली आहे.
तिनं तो खोडला.
"सर, हे जुळवायलाही जागाच मागताय तुम्ही."

साडेदहाला पुन्हा चालवलं.
सातवा नकार.
पडद्यावर शांतपणे उमटलं: उणे बारा.
बस्स, एवढंच. जागा नाही याचा आकडा.
नवा पाहुणा उठला नाही,
त्याला तसं स्पष्ट कळलं,
आणि बाकीच्या नव्याण्णवांपैकी एकानंही
कूस बदलली नाही.

आता दुरुस्तीची नोंद राहिली होती.
तिच्यात एक रकाना असतो:
मूळ चूक कधी आली, कुणाकडून.
बाकी सगळं तिनं भरलं होतं,
तारीख, कारण, चाचणीचे आकडे,
शुद्धलेखनही तपासलेलं.

मी इतिहास उघडला.
अकरा वर्षांपूर्वीचा मार्च. ओळ माझी.
वर टीपही माझीच, ठसठशीत:
इथे अपयश येऊ शकत नाही.

तिला दुपारपासूनच माहीत होतं.
बॅग उचलून, "येते सर," म्हणून ती गेली
आणि तो एक रकाना
कोराच ठेवून गेली.